ग्रामपंचायत-नगरपालिकेकडून माहिती कशी काढायची, आणि नाही दिली तर पुढे कुठे जायचं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावातल्या, तालुक्याच्या लोकांचे माहिती अधिकाराचे अर्ज आम्ही काही जण लिहून देतो, अपिलाला सोबत जातो. तेच तेच प्रश्न सारखे येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मंत्रालयातल्या मोठ्या फायली कशा काढायच्या ते यात नाही. आपला रस्ता, आपलं पाणी, आपली घरपट्टी, घरकुलाची यादी एवढ्यापुरतं आहे, कारण लोकांचं रोजचं काम तिथेच अडतं आणि माहिती काढून खरा उपयोगही तिथेच होतो.

सरपंच म्हणतात आरटीआय सरकारी ऑफिसला असतो, ग्रामपंचायतीला नाही. खरं आहे का?

नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा, १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला, आणि त्यातल्या कलम २(ज) नुसार संविधानाने किंवा कायद्याने स्थापन झालेली कुठलीही संस्था म्हणजे सार्वजनिक प्राधिकरण. ग्रामपंचायत, पंचायत समिती, झेडपी, नगरपंचायत, नगरपरिषद, महापालिका सगळे आले यात. आपल्या राज्यात तर केंद्राच्या आधीच २००२ चा माहिती अधिकार कायदा होता, अण्णा हजारेंच्या आंदोलनामुळे सरकारला तो करावा लागला, त्यामुळे महाराष्ट्रात कुणी कायदा नवीन आहे म्हणत असेल तर त्याला वीस वर्षं मागे जायला सांगा.

सहकारी सोसायटी, पतसंस्था यांचं वेगळं आहे. त्या थेट या कायद्यात येत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मधे केरळच्या एका सहकारी बँकेच्या केसमधे सांगितलंय. पण सोसायटीचे जे कागद सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडे जमा असतात किंवा त्यांना कायद्याने मागवता येतात ते त्यांच्या ऑफिसकडून मागता येतात.

लगेच अर्ज टाकू का?

थोडं थांबा. खूप लोकांना हे माहीतच नसतं की बऱ्याच गोष्टी कुणी न मागता जाहीर करणं ऑफिसवर बंधनकारक आहे. कलम ४(१)(ख) मधे १७ बाबी दिल्यात, त्यात ऑफिसची रचना, कर्मचाऱ्यांचे पगार, बजेट, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि त्यांचे लाभार्थी कोण, परवाने कुणाला दिले हे सगळं येतं. कायदा पास झाल्यापासून १२० दिवसात हे जाहीर करायचं होतं आणि नंतर दरवर्षी अपडेट करायचं होतं. आज कुठल्याही ग्रामपंचायतीत जाऊन ४(१)(ख) ची फाईल मागा, बहुतेक ठिकाणी नसते, किंवा असली तर पाच वर्षांपूर्वीच्या ग्रामसेवकाचं नाव त्यात असतं.

मला या सगळ्या कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच वाटतं. हे नीट पाळलं तर निम्मे अर्ज लागणारच नाहीत. घरकुलाची यादी बोर्डावर असेल तर म्हातारी आजी दहा रुपयाचं तिकीट लावून अर्ज कशाला करेल. म्हणून कुणीही आलं की आम्ही पहिला अर्ज हाच टाकायला लावतो : "कलम ४(१)(ख) अन्वये आपल्या कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या सतरा बाबींच्या माहितीची प्रत आणि ती शेवटची अद्ययावत केल्याची तारीख." बाकी काही नाही. या एका अर्जाने ऑफिसला कळतं की कुणीतरी लक्ष ठेवून आहे, आणि पुष्कळदा त्या महिन्यात फाईल तयार होते.

सोमवारी रेकॉर्ड बघायला मिळतं असं ऐकलं, ते काय आहे?

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने नोव्हेंबर २०१८ मधे काढलेलं परिपत्रक आहे. जिल्हास्तरावरची आणि त्याखालची कार्यालयं, झेडपी, महापालिका, नगरपालिका यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघू द्यायचं, सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. माहितीचा अर्जही लागत नाही. पुणे महापालिकेत हे त्याआधीपासून चालू होतं, तिथल्या कार्यकर्त्यांनी वापरून दाखवलं आणि मग राज्यभर आलं.

सगळीकडे चालतं का, तर नाही. अजूनही टेबलावरचा माणूस म्हणतो असं काही नसतं. आधी चौकशी करा, परिपत्रकाची झेरॉक्स सोबत ठेवा, जमलं तर दोघं जण जा. ग्रामपंचायतीत मात्र भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक कुठल्या दिवशी असतात ते आधी विचारून घ्या, एकेकाकडे दोन-तीन गावं असतात, दप्तर कपाटात आणि कपाटाची चावी त्यांच्याकडे, मग तुमची चक्कर वाया जाते.

अर्ज कुणाच्या नावाने करायचा? सरपंचाच्या?

सरपंचाच्या नाही. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. ग्रामपंचायतीत तो म्हणजे ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी, आता दोन्ही पदं एक करून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नगरपरिषदेत बहुतेक ठिकाणी त्या त्या विभागाचा प्रमुख असतो, बांधकामाचं बांधकाम विभागाकडे, पाण्याचं पाणीपुरवठ्याकडे. महापालिकेत वॉर्ड ऑफिसला वेगळा, मुख्य इमारतीत वेगळा. नाव माहीत नसलं तरी चालतं, "जन माहिती अधिकारी, अमुक कार्यालय" एवढं पुरतं. नाव-पदाचा बोर्ड दर्शनी भागात लावायची जबाबदारी त्यांची.

चुकीच्या ऑफिसात गेला तर? कलम ६(३) नुसार त्यांनीच ५ दिवसात योग्य ठिकाणी पाठवायचा आणि तुम्हाला कळवायचं. "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून अर्ज परत हातात देता येत नाही.

अर्जात नेमकं काय लिहू? माझा अर्ज दोन वेळा "माहिती सुस्पष्ट नाही" म्हणून परत आला.

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मे अर्ज इथेच मरतात. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून दोन अटी आहेत. एका अर्जात एकच विषय, आणि साधारण १५० शब्दांच्या आत. रस्ता, गटार, पथदिवे, शाळेची खोली असं सगळं एकाच अर्जात घातलं की त्यांना परत करायला कारण मिळतं. जोडपत्र 'अ' चा नमुना आहे, तो वापरा, पण कागदावर साध्या अक्षरात त्याच मुद्द्यांवर लिहिलं तरी अर्ज असतोच.

दुसरी गोष्ट, कागद मागा. प्रश्न विचारू नका. "आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यात का उखडला?" असं लिहिलं तर उत्तर येईल, "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही". चीड येते, पण कायद्याने ते बरोबर आहे. मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २००८ च्या सेल्सा पिंटो केसमधे सांगितलं की "का" चं उत्तर देणं म्हणजे माहिती देणं नव्हे, आणि सुप्रीम कोर्टाने २०११ मधे सांगितलं की जे रेकॉर्डवर आहे तेच द्यायचं, नवीन काही तयार करून द्यायची सक्ती नाही. मग त्या रस्त्याचा अर्ज कसा लिहायचा ते बघा :

"विषय : वॉर्ड क्र. ३ मधील सिमेंट रस्त्याच्या कामाची कागदपत्रे. कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४. हवी असलेली माहिती : सदर कामाची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ठेकेदाराची देयके व व्हाउचर, पूर्णत्वाचा दाखला, तसेच या कामाचा ठराव झालेल्या मासिक सभेच्या प्रोसिडिंगची पाने, यांच्या साक्षांकित प्रती. माहिती व्यक्तिशः घेणार आहे."

एवढंच. यात एकही प्रश्न नाही, पण रस्ता का उखडला त्याचं उत्तर यातच आहे. अंदाजपत्रकात जाडी किती धरली, एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) किती लिहिली आणि बिल कितीचं निघालं हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवा. शिवाय कलम २(ञ) नुसार कामाची प्रत्यक्ष पाहणी करायचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही तुम्हाला हक्क आहे, म्हणजे रस्त्याचा तुकडा मागता येतो. हा हक्क फार कमी लोक वापरतात, वापरा.

ग्रामपंचायतीचे हिशोब १ ते ३३ नमुन्यात असतात, नमुन्याचा नंबर टाकून मागितलं की "कळलं नाही" म्हणता येत नाही. नमुना १ अंदाजपत्रक, नमुना ५ रोकडवही, नमुना ८ कर आकारणी, नमुना ९ कर मागणी, हे एवढे पाठ असले तरी बरंच काम होतं.

टिपण्या मागता येतात का? क्लार्क म्हणाला त्या अंतर्गत असतात.

येतात. फाईलवर कुणी काय शेरा मारला, कुणी हरकत घेतली आणि कुणी ती बाजूला सारून मंजुरी दिली हे टिपणीतच दिसतं, नुसत्या आदेशात दिसत नाही. २००६ मधे केंद्र सरकार टिपण्या वगळणारी दुरुस्ती आणणार होतं, तेव्हा देशभर विरोध झाला, अण्णा आळंदीला उपोषणाला बसले होते, आणि सरकारला ती गुंडाळावी लागली. अर्जात "टिपणी भागासह संपूर्ण नस्ती" असं स्पष्ट लिहा (नस्ती म्हणजे फाईल), नाहीतर फक्त पत्रव्यवहाराच्या झेरॉक्स मिळतात.

फी किती?

अर्जाला १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. रेकॉर्ड बघायचा पहिला तास फुकट. दारिद्र्यरेषेखालील असाल तर अर्जाची फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. पहिल्या अपिलाला २० रुपये, दुसऱ्यालाही २०.

झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र आलं तर त्यात पानं किती, दर किती हा हिशोब असायला पाहिजे, तो नसेल तर मागा. पत्र पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसात धरत नाहीत म्हणून पैसे भरायला उशीर करू नका. आणि मुदत उलटून गेली असेल तर कलम ७(६) नुसार सगळी माहिती फुकट द्यावी लागते, मग पैसे मागितले तर ते कलम लिहून द्या.

"तुम्हाला ही माहिती कशाला पाहिजे?" असं विचारतात.

सांगायची गरज नाही. कलम ६(२) मधे स्पष्ट आहे, कारण विचारायचं नाही, संपर्कापुरता पत्ता सोडून बाकी वैयक्तिक तपशीलही मागायचा नाही. शांतपणे एवढंच म्हणा, भांडू नका.

अर्ज घेतच नाहीत. पोच देत नाहीत.

हे गावात जास्त होतं. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख मागा, आवक नंबर टाकून घ्या. नाही म्हणाले तर तिथून थेट पोस्टात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तीच तुमची पोच. पोस्टाने आलेलं पाकीट नाकारलं तर ते नाकारल्याचा शेरा हा तर आणखी चांगला पुरावा आहे. अर्ज घेतला नाही म्हणून कलम १८ खाली थेट राज्य माहिती आयोगाकडे तक्रार करता येते.

राज्याचं आरटीआय ऑनलाईन पोर्टलही आहे. तिथे आधी यादीत तुमचं ऑफिस आहे का ते बघा, असेल तर उत्तम, नसेल तर कागदच बरा.

३० दिवस कधीपासून मोजायचे?

अर्ज त्यांना मिळाल्यापासून. दुसऱ्या ऑफिसला वर्ग केला असेल तर वर्ग करायचे ५ दिवस धरून ३५. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण हे खरंच तसं असेल तरच लिहा. गटाराच्या बिलाला ४८ तास लावून अर्ज करणारे बघितलेत, त्याने खऱ्या गरजूचाही अर्ज कुणी गांभीर्याने घेत नाही.

"ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही" असं उत्तर आलं.

सध्या सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कारण हेच, आणि आता ते आणखी सोपं झालंय. कलम ८(१)(ञ), लोक ज्याला आठ एक जे म्हणतात, त्यात आधी असं होतं की वैयक्तिक माहिती नाकारायची असेल तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसायला पाहिजे किंवा ती दिल्याने विनाकारण खाजगीपणावर घाला यायला पाहिजे, आणि जी माहिती संसदेला, विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे सगळं काढून नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२५ मधे ती दुरुस्ती लागू झाली. ही दुरुस्ती लोकांच्या हिताची नाही असं माझं ठाम मत आहे. गावातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच, मजुराचं, ठेकेदाराचं, लाभार्थ्याचं. नाव आहे म्हणून कागदच द्यायचा नाही असं धरलं तर मग उरलं काय?

पण हातपाय गाळू नका, तीन दारं अजून उघडी आहेत. कलम ८(२) तसंच आहे, सार्वजनिक हित जास्त असेल तर ८(१) मधे बसणारी माहितीही देता येते. अर्जातच किंवा अपिलात सार्वजनिक हित काय ते दोन ओळीत लिहा, उदा. घरकुल योजनेत एकाच घरातल्या तिघांना लाभ मिळाल्याचा संशय आहे, सरकारी पैसा आहे. दुसरं, लाभार्थ्यांची माहिती कलम ४(१)(ख) मधे आधीच जाहीर करायच्या यादीत आहे, ते कलम बदललेलं नाही. तिसरं कलम १०, कागदातला न देण्यासारखा भाग, समजा आधार नंबर किंवा बँक खातं, तेवढं झाकून बाकी कागद द्यायचा. आम्ही आता अर्जातच लिहितो की आधार, मोबाईल, बँक खात्याचे नंबर नको आहेत, ते झाकून द्यावेत. याने नकाराचं निम्मं कारणच संपतं, आणि तसंही दुसऱ्याचा आधार नंबर घेऊन आपल्याला काय करायचंय.

"रेकॉर्ड सापडत नाही" म्हणतात.

सापडत नाही हे माहिती नाकारायचं कारणच नाही, कलम ८ आणि ९ मधल्या यादीत ते कुठेही नाही. दिल्ली हायकोर्टाने २०१३ मधे सांगितलं की आधी असलेलं रेकॉर्ड नंतर मिळत नसेल तर नीट शोध घ्यायचा, चौकशी करून जबाबदारी ठरवायची. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ आहे, रेकॉर्ड बेकायदा नष्ट करणं किंवा बाहेर नेणं याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अपिलात या कायद्याचं नाव घालून मागा की रेकॉर्ड सापडत नसल्याचं लेखी प्रतिज्ञापत्र द्यावं आणि गहाळ झाल्याची पोलिसात नोंद करावी. गेलेली फाईल अशा वेळी जुन्या कपाटात मिळाल्याची उदाहरणं आम्ही डोळ्यांनी बघितलीत. ग्रामसेवकाची बदली होताना दप्तराचा चार्ज दिला-घेतला जातो, त्या चार्ज यादीची प्रतही मागा, कोणाच्या हातात असताना काय हरवलं ते तिथे कळतं.

पहिलं अपील कुणाकडे? त्याचा उपयोग होतो का?

३० दिवसात उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर तिथून पुढे ३० दिवसाच्या आत जोडपत्र 'ब' मधे पहिलं अपील. ग्रामपंचायतीचं अपील बहुतेक तालुक्यात पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्याकडे किंवा बीडीओकडे (गटविकास अधिकाऱ्याकडे) असतं, नगरपरिषदेचं बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकाऱ्याकडे. त्यांनी ३० दिवसात, कारण लिहून जास्तीत जास्त ४५ दिवसात निर्णय द्यायचा.

उपयोग होतो, पण तयारीने गेलात तर. अडचण अशी की अपील ऐकणारा त्याच खात्यातला वरचा माणूस असतो, रोज ज्याच्यासोबत काम करायचं त्याच्याविरुद्ध आदेश द्यायचा असतो. त्यामुळे "माहिती देण्यात यावी" असा एका ओळीचा आदेश मिळतो, किती दिवसात ते नसतं. सुनावणीला एका कागदावर तारखा लिहून न्या : अर्ज कधी, पोच कधी, मुदत कधी संपली. आणि आदेशात दिवसांची मुदत घालायला तिथेच विनंती करा. माहिती नाकारणं बरोबर होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) ने अधिकाऱ्यावर टाकलीय, तुमच्यावर नाही, हे अपिलाच्या पहिल्याच ओळीत लिहायची सवय लावा.

दुसरं अपील म्हणजे आयोग. तिथे फार वेळ लागतो म्हणे?

लागतो. पहिल्या अपिलाचा निर्णय आल्यापासून किंवा यायला पाहिजे होता त्या तारखेपासून ९० दिवसात दुसरं अपील करायचं, जोडपत्र 'क'. आयोगाचं मुख्यालय मुंबईत आणि बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशी खंडपीठं आहेत, आपला जिल्हा ज्या महसूल विभागात तिथे पाठवायचं. हजारो अपिलं पडून असतात, सुनावणीला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आयुक्तांच्या जागा वेळेवर भरत नाहीत हे त्याचं मोठं कारण. गावच्या माणसाला ज्या रस्त्याची माहिती पाहिजे तो रस्ता तोपर्यंत एकदा नवीन होऊन परत उखडलेला असतो. हे बदलायला पाहिजे आणि त्यासाठी जागा भरा म्हणून सरकारच्या मागे लागायला पाहिजे.

दंड करायचा अधिकार मात्र फक्त आयोगाला. कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून. ते पैसे तुम्हाला मिळत नाहीत, सरकारात जमा होतात. तुमचं नुकसान झालं असेल तर कलम १९(८)(ख) खाली भरपाई वेगळी मागावी लागते, आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही म्हणून अपिलात लिहाच. एक लक्षात ठेवा, कलम १८ च्या तक्रारीत दंड होऊ शकतो पण माहिती द्यायचा आदेश मिळत नाही, तो अपिलातच मिळतो. माहिती पाहिजे असेल तर अपिलाचाच रस्ता धरा.

मग या ऑफिसांवर लक्ष ठेवतं कोण? सगळं आपणच करायचं का?

कागदावर लक्ष ठेवणारे भरपूर आहेत. ग्रामपंचायतीवर पंचायत समिती, तिच्यावर झेडपीचे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी), हिशोबाला लोकल फंड ऑडिट (स्थानिक निधी लेखापरीक्षण), आणि माहितीच्या बाबतीत आयोग. १७ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने किशनचंद जैन केसमधे सांगितलं की कलम ४ नीट पाळलं जातंय का, बाहेरच्या संस्थेकडून त्याचं ऑडिट होतंय का यावर केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांनी सतत देखरेख करायची. चांगला निकाल आहे. पण तालुक्याला ते ऑडिट पोचलंय असं मला तरी दिसलेलं नाही. म्हणून बीडीओंकडे हा अर्ज टाका : "मागील दोन वर्षांत तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या कलम ४(१)(ख) च्या माहितीची तपासणी केल्याचे अहवाल." अहवाल नसेल तर "निरंक" (म्हणजे काहीच नाही) असं लेखी येईल, ते घेऊन सीईओंना निवेदन द्या. वरच्याने तपासलं नाही हे त्याच्याच सहीने मिळालं की पुढचं बोलणं सोपं जातं.

आणि सगळ्यात वरची देखरेख ग्रामसभेची, ती कुणी वापरत नाही.

ग्रामसभेत माहिती मागता येते का?

येते, आणि अर्जापेक्षा लवकर मिळते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ नुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. आर्थिक वर्षातली पहिली सभा एप्रिल-मे या दोन महिन्यात व्हायला पाहिजे आणि याच अधिनियमाच्या कलम ८ नुसार तिच्यापुढे मागच्या वर्षाचे हिशोब, कारभाराचा अहवाल, या वर्षीची कामं, शेवटचा ऑडिट रिपोर्ट आणि त्याला दिलेली उत्तरं ठेवावी लागतात. हा ऑडिट रिपोर्ट म्हणजे खजिना आहे, त्यात ऑडिटरने स्वतःच लिहिलेलं असतं की अमुक व्हाउचर नाही, तमुक खर्चाला मंजुरी नाही. पहिल्या सभेला उठून एवढंच म्हणा, "ऑडिटचे आक्षेप वाचून दाखवा." आणि तुम्ही हे मागितलं याची प्रोसिडिंगमधे नोंद करून घ्या, सह्या करून मग प्रोसिडिंग लिहायची पद्धत असेल तर सहीच्या आधी वाचून दाखवायला सांगा.

बायकांना एक विनंती, ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथे पाण्याचा आणि अंगणवाडीचा हिशोब मागा, तिथे झालेला ठराव ग्रामसभेपुढे जातो.

हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात, किती पाऊस झाला, किती पाणी आहे, कुठलं पीक घ्यायचं हे सगळ्या गावाला माहीत असतं. तिथे कुणाला अर्ज करावा लागत नाही. हे बाकीच्या गावांना जमणार नाही असं मला वाटत नाही.

मी स्वतः ग्रामपंचायत सदस्य आहे. मलाही अर्ज करावा लागेल का?

सदस्य म्हणून मासिक सभेत दप्तर मागायचा हक्क तुम्हाला आहेच, आधी तो वापरा. नाही दिलं तर नागरिक म्हणून आरटीआय टाका, पदामुळे नागरिकत्व जात नाही. विरोधी गटाच्या महिला सदस्यांना आम्ही हाच रस्ता सांगतो.

मी दुबईला असतो, घर गावी आहे. घरपट्टीची माहिती मागता येईल?

भारतीय पासपोर्ट असेल तर हो, कायदा नागरिकाला हक्क देतो, तो राहतो कुठे ते बघत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना, ओसीआय कार्ड असलं तरी, हा हक्क नाही, घरच्यांपैकी कुणाच्या तरी नावाने करा.

गोव्यात असंच आहे का?

कायदा तोच. पंचायतीत सचिव माहिती अधिकारी असतो, पहिलं अपील गटविकास अधिकाऱ्याकडे आणि वर गोवा राज्य माहिती आयोग, पणजीला. फी आणि नमुन्याचे नियम मात्र तिथले वेगळे, १५० शब्दांची आपली अट तिकडे लावू नका.

अर्ज टाकल्यापासून धमक्या येताहेत.

हे हलक्यात घेऊ नका. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांनी जमीन घोटाळे बाहेर काढले, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. तेव्हा एकट्याने लढू नका. एकच अर्ज गावातल्या पाच-सात जणांनी आपापल्या नावाने टाका, म्हणजे एकाला गप्प करून काही उपयोग राहत नाही. मिळालेली माहिती घरात दाबून ठेवू नका, मिळाल्या दिवशी चार जणांना पाठवा. धमकी फोनवर असेल तर तारीख-वेळ लिहून पोलिसात लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत एसपींना.

आणि कुणी "अर्ज मागे घे, काय पाहिजे ते बोल" म्हणालं तर तिथेच विषय संपवा. अर्ज टाकून पैसे घेऊन मागे घेणारेही आहेत, त्यांच्यामुळे खऱ्या माणसाला ब्लॅकमेलर म्हणायला अधिकाऱ्यांना तोंड मिळतं. अशा माणसाचा अर्ज आम्ही लिहून देत नाही.

माहिती मिळाली. आता काय?

आधी टेप घेऊन रस्त्यावर जा. एमबीत लांबी १२० मीटर लिहिलीय तर मोजा, फोटो काढा, दोन पंचांच्या सह्या घ्या. फरक दिसला तर बीडीओंकडे लेखी तक्रार, सोबत एमबीची साक्षांकित प्रत आणि तुमचं मोजमाप, आणि मागणी एकच : उपअभियंत्याने ग्रामस्थांसमोर फेरमोजणी करावी. एक महिना वाट बघा, नाही झालं तर सीईओ. सरपंच किंवा सदस्याचा गैरकारभार कागदावर सिद्ध होत असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३९ आहे, त्यात पदावरून काढायची तरतूद आहे, पण त्याला पुरावा पक्का लागतो, नुसत्या संशयावर जाऊ नका. मोजल्यावर काम बरोबर निघालं तर तेही गावाला सांगा, ज्याने नीट काम केलं त्याच्यावर उगाच संशय राहायला नको.

तक्रार केल्यावर महिन्याने तिचं काय झालं हे विचारायलाही माहितीचा अर्जच टाका : "माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह नस्ती." पुष्कळदा फाईल याच अर्जाने हलते.